एकट्यांची रांग

थीम पार्कमध्ये प्रत्येक राइडला तासभराची रांग होती. एकेकट्याने बसणाऱ्यांची रांग मात्र आखूड; अनोळखी माणसांशेजारी जिथे जागा उरेल तिथे बसवून देत. वडिलांनी घरच्या चौघांना त्याच रांगेत उभं केलं आणि दिवसभरात अकरा राइड उरकल्या.

"दोन दिवसांचं काम एका दिवसात झालं. मुक्कामाचा खर्चही वाचला," परतीच्या बसमध्ये ते बायकोला म्हणाले. मग शेजारी पेंगणाऱ्या नऊ वर्षांच्या लेकीला त्यांनी विचारलं, "काय भित्री भागूबाई, घाबरलीस का?"

"हो. पण एका काकूंनी माझा हात घट्ट धरला. तुमचा कोणी धरला, बाबा?"

वडिलांनी हळूच तिचा हात हातात घेतला, तोवर ती झोपली होती.