पुढच्या विमानाने

"मान-सिकला भाताची खरवड गरम पाण्यात भिजवून द्यायची. कोरडा घास दिलास तर तो गालात धरून बसतो, तासभर," ओक-रिम म्हणाली.

"आणि दू-सिकला?" पिल-सुनने विचारलं.

"त्याचं काय! त्याला दगड दे, तोही खाईल."

दोघी खिदळल्या. हसता हसता ओक-रिमला खोकला आला, तशी पिल-सुन चटकन हातभर मागे सरकली.

खरं तर हे दुसऱ्या कुणाला शिकवायची पाळी ओक-रिमवर यायचीच नव्हती. कोरियातल्या गुनसान बंदराजवळच्या त्या अनाथाश्रमात ती आणि तिचे दोन धाकटे भाऊ तीन वर्षं राहत होते. आश्रम चालवायचे त्यांना सगळी पोरं बाबाच म्हणायची. माणूस मायाळू. स्वीडनच्या एका नवराबायकोचं पत्र आलं, की आम्हाला सख्खी तीन भावंडं पाहिजेत, तिघं एकत्र, नाहीतर नकोच. बाबांनी त्याच दिवशी या तिघांचे कागद धाडले. ओक-रिम तेरा वर्षांची घोडी झालेली, पण तिने अंगणात उड्या मारल्या.

मग छातीचा फोटो काढला आणि त्यात डाग निघाला.

ती रडली ती स्वतःसाठी नाही. आपल्यापायी पोरांचंही बारगळणार म्हणून रडली. बाबांनी तिला जवळ बसवलं.

"वेडी का काय तू? आधी धाकटे जातील. तू सहा महिने औषध घे. डाग गेला की पुढच्या विमानाने तू."

"पण बाबा, त्यांना तिघं हवीत ना?"

"ते माझ्यावर सोड. तू सुया टोचून घे, पोटभर जेव."

"आणि विमानात मान-सिक रडला तर?"

"पिल-सुनपण त्याच देशात चाललीय. ती सांभाळेल. तू तिला शिकवून ठेव, बाळ. सगळं शिकव."

झालं. ओक-रिम तिच्या मागेच लागली. मान-सिकला अंघोळ घालताना कान झाकायचे. दू-सिक खोटं बोलला की नाक खाजवतो. पिल-सुन बापडी स्टेशनवर सापडलेली, तिला ना भाऊ ना बहीण. ती ओठ हलवत हलवत पाठ करायची.

एकदा तिने विचारलं, "तुमची आई कशी गेली गं?"

"तुला काय करायचंय?"

"मान-सिकने विचारलं, तर मी काय सांगू?"

ते ओक-रिमला पटलं. आई शिंपल्या वेचायला ओहोटीला खाजणात गेली, धुकं उतरलं, तिला किनारा दिसेना, आणि भरती आली. आईचं नाव बुन-रे. हे ओक-रिमने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"परत सांग," पिल-सुन म्हणाली. "नाव परत सांग."

मार्चमध्ये परदेशी बाई पोरं बघायला आली, सोबत दुभाष्या. आजारी पोर तिच्या नजरेला पडू नये म्हणून बाबांनी ओक-रिमला स्वयंपाकघरात बसवलं. गोप-दान मावशी मुळे चिरत होती. मधलं दार कागदाचं, पलीकडे बाईसमोर दोघं भाऊ आणि पिल-सुन, सगळं ऐकू यायचं.

"ही कोण रे तुझी?" दुभाष्याने विचारलं.

"ताई," मान-सिक म्हणाला.

"आणि तुझी?"

"ताईच की," दू-सिक म्हणाला.

ओक-रिमने तोंडावर हात दाबला. "ऐकलंस, मावशी? काय पण विचारतात! आश्रमातली कुठलीही पोरगी एका वर्षाने जरी मोठी असली, तरी तिला ताईच म्हणणार ना? अजून काय म्हणतील, काका?"

मावशी हसली नाही. "मुळा चीर गुपचूप," म्हणाली.

एप्रिलमध्ये गाडी आली. पोरांच्या पायात नवे बूट, मान-सिक बदकासारखा चालत होता.

"ताई, तू?"

"मी पुढच्या विमानाने. तोवर पिल-सुनताई सांगेल तसं वागायचं. आणि रडलास तर बघ, तिथे बर्फात उभा करतात."

दू-सिक नाक खाजवत म्हणाला, "मी नाहीच रडणार."

पिल-सुन आधीच गाडीत बसली होती, समोर बघत.

"पिल-सुन! त्याचे कान विसरू नकोस हां! ए पिल-सुन!"

तीनदा हाक मारली. पोरीने मान म्हणून वळवली नाही.

"बघा, विमानाचं नाव निघालं तर बाई आताच माजल्या," ओक-रिम म्हणाली, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

मग सहा महिने तिने कशाला म्हणून नाही म्हटलं नाही. रोज सकाळी कंबरेत सुई. मूठभर गोळ्या. माशाचं तेल नाक दाबून प्यायची आणि वरून अजून मागायची. मावशी म्हणायची, अगं, जरा दमाने. ही म्हणायची, दमाने कशाला, पोरं वाट बघतायत.

ऑक्टोबरात डॉक्टरांनी नवा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, स्वच्छ. ती फोटो काखेत मारून चढावर पळत आली, मध्ये एकदाही थांबली नाही, खोकली नाही, आणि चपला न काढताच बाबांच्या खोलीत शिरली.

"बाबा, डाग गेला! आता सांगा, माझं विमान कधी?"

बाबांनी फोटो नीट निरखला. "वा! छान झालं. खरंच छान झालं." मग मोठं रजिस्टर ओढलं, बोट एकेका नावावरून खाली नेलं, एका ओळीवर थांबवलं, आणि नेहमीच्याच मायेने तिच्याकडे पाहिलं.

"ओक-रिम तर एप्रिलमध्येच गेली, भावांबरोबर," ते म्हणाले. "तुला अजून कुणी मागितलेलं नाही, पिल-सुन."