आपल्या सोयीने

इस्पितळं रुग्णांना इंग्रजीत जी पत्रं पाठवतात, त्यांत वाक्यांचे कोणते साचे पुन्हा पुन्हा येतात, हे मोजणं ताईचं काम. म्हणून आजारी भाऊ आपलं नवं पत्र घेऊन थेट तिच्या टेबलापाशी आला.

"आजवर नुसते हुकूम सोडायचे. उपाशी या, आठलाच या. आता बघ, 'जमल्यास', 'इच्छा असल्यास', 'आपल्या सोयीने'. माणसात आले की नाही लेकाचे?"

ताईने पत्र दोनदा वाचलं. "आले खरे."

"मग उपचारांची तारीख पुढच्या पत्रात येईल ना गं?"

ताईने पत्राची घडी घातली. तिने आजवर मोजलेल्या चार हजार पत्रांमध्ये असं मऊ लिहिलेली पत्रं एकतीस जणांना गेली होती. त्यांच्यापैकी कुणीच पुढच्या पत्रापर्यंत उरलं नव्हतं.