खुंटाचा फुटवा

तालुक्यातल्या संत्र्याच्या बागा रोगानं वाळून तीन वर्षं झाली होती. झाडाच्या आतलं दाखवणारा चष्मा लावून झाडांच्या रोगांची अभ्यासक सुलभा धोटे एका मेलेल्या झाडाच्या बुंध्याशी बसली होती. कलमाच्या खालून, ज्यावर संत्र्याचा डोळा बांधतात त्या जंबेरी लिंबाच्या खुंटातून, हिरवा फुटवा आला होता.

"रोग यातही ठासून भरलाय, आबाजी," ती हळू आवाजात म्हणाली. "संत्र्यानं रोग कोंडायला स्वतःच्याच अन्नरसाच्या नळ्या बुजवल्या आणि ते उपाशी मेलं. हा फुटवा बुजलेल्या नळीशेजारी नवी नळी विणतोय. बघा."

जन्मभर कलमं बांधलेल्या आबाजींनी चष्मा लावला. पानांतली साखर उजेडासारखी चमकत, बुजलेल्या वाटेला वळसा घालून मुळांकडे निघाली होती.

"असे फुटवे रानटी म्हणून मी हजारोंनी छाटले, बाई," ते म्हणाले. "हा राहिला, कारण हा फुटला त्या साली छाटायला माझे गुडघे वाकेनात."