मोजताना बोलायचं नसतं

“दुखायला लागल्यापासून जीव जाईपर्यंत किती वेळ गेला?”

कितीही मऊ आवाजात विचारला तरी हा प्रश्न जखमेवर मीठच चोळतो. घरोघरी रक्तदाब मोजत फिरणाऱ्या प्रेशरवालीने तो पुष्कळ घरांत विचारला होता आणि विचारून झाला की प्रत्येक वेळी ती मान खाली घालून बसली होती. पण इलाज नव्हता. रक्तदाब आणि वजन वाढलेली माणसं झटक्याने कशी जातात, याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना नेमकं हेच हवं होतं: माणूस घरात किती वेळ दुखणं अंगावर काढत बसला, आणि का बसला. ते कळलं तर पुढचा कुणीतरी वाचेल म्हणे. गेलेला काही परत येत नाही.

इथला गेलेला म्हणजे पैलवान. जन्मात कधी कुस्ती खेळला नव्हता, नाव पडलं ते पोटामुळे. दरवर्षी प्रेशरवाली वजनाचा काटा घेऊन आली की एक पाय वर ठेवून म्हणायचा, “ताई, मोडला तर भरून देणार नाही हं!” आणि स्वतःच गदागदा हसायचा. आज काटा पिशवीतच होता.

“लगेच गेले,” त्याची बायको म्हणाली. “झोपेतच. हूं नाही की चूं नाही.”

“माझ्या लेकाने जाताना कुणाला त्रास दिला नाही,” खाटेवर बसलेली त्याची आई म्हणाली.

सून मान हलवत होती, सासूही मान हलवत होती, पण दोघी एकमेकींकडे काही बघेनात. प्रेशरवालीने पुढचं काही विचारलं नाही. आईसमोर किती खणून काढायचं माणसाने?

“ताई, जरा बाहेर या, हात धुऊन घ्या,” म्हणत सुनेने तिला ओढतच गॅलरीत नेलं आणि नळ मोठा सोडला.

“मघाशी खोटं बोलले मी,” ती म्हणाली. “रात्रभर तळमळत होते. निजानीज झाल्यापासून पार उजाडेपर्यंत. घामाने गादी भिजली. मी आपली पाठ चोळतेय, गॅसची गोळी देतेय! जड जेवण झालंय म्हटलं. आईंना हाक मारते म्हटलं, तर माझा हात धरला. म्हणाले, तिला उठवू नकोस, तिचं प्रेशर वाढेल. सकाळी बघू. सकाळी काय बघायचं राहिलं होतं, ताई?”

“वहिनी, पुष्कळ जण गॅसच समजतात. तुमची चूक नाही.”

“तुमच्या अभ्यासात खरं ते लिहा. पण आत एक अक्षर काढू नका. लेक झोपेत गेला, एवढंच सुख उरलंय त्यांना. मी त्यांना उठवलं नाही हे कळलं, तर जन्मात माझं तोंड बघायच्या नाहीत.”

प्रेशरवालीने शब्द दिला. सुनेने पदराने तोंड पुसलं, नळ बंद केला आणि “चहा घेतल्याशिवाय जायचं नाही” असा दम देऊन दूध आणायला खाली गेली.

आता आजींचं प्रेशर मोजायचं होतं. त्यांचंही नाव अभ्यासात होतंच. प्रेशरवालीने त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. दंड काय, नुसतं कातडं आणि हाड. मायलेकरात हा एवढा फरक कसा पडला, देव जाणे.

“आजी, आता बोलायचं नाही. आकडा चुकतो.”

पट्टा फुगायला लागला आणि म्हातारी बोलायला लागली.

“ती सांगते ते खरं नाही, बाई. रात्रभर कण्हत होता तो.”

प्रेशरवालीने मान वर केली. दोन खोल्यांच्या मध्ये फळ्यांची भिंत होती. छतापासून हातभर खालीच संपलेली. इतकी वर्षं येत होती, पण आज पहिल्यांदा तिला ती नीट दिसली.

“जागी होते मी. सगळं ऐकत होते. आई गं म्हणाला एकदा.”

“मग उठला का नाहीत?”

विचारलं आणि तिला स्वतःची जीभ चावावीशी वाटली. असं विचारायला तिला कुणी पाठवलं नव्हतं.

“आदल्याच दिवशी म्हणाला होता, आई, आमच्यात सारखं नाक खुपसू नकोस. मीही हट्टाला पेटले. म्हटलं, बोलावतील तेव्हाच जाईन.” म्हातारीच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. “कुणी बोलावलंच नाही.”

पट्ट्यातली हवा फुस्स करून गेली. आकडा भलताच वर होता; बोलताना घेतलेला म्हणून प्रेशरवालीने तो लिहिला नाही.

“आजी, तिला सांगा हे. दोघी मिळून रडा तरी एकदा.”

म्हातारीने मोकळ्या हाताने तिचं मनगट पकडलं. हाडांच्या त्या हातात एवढं बळ कुठून आलं होतं कोण जाणे.

“खबरदार! मला त्रास नको म्हणून बिचारी रोज खोटं बोलते. मी ऐकत होते हे कळलं, तर ती या घरात श्वास कसा घेईल? आणि ती घर सोडून गेली, तर मला कोण आहे?”

जिन्यावर पावलं वाजली. प्रेशरवालीने घाईघाईने पट्टा पुन्हा फुगवला. या खेपेला म्हातारी अगदी शहाण्यासारखी गप्प बसली.

सून दुधाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. “किती आलं आईंचं?”

आकडा मघापेक्षाही वर गेला होता. प्रेशरवालीने तोंड उघडलं, पण म्हातारी आधीच बोलली.

“ठीक आहे म्हणतात. माझी झोप गाढ ना, म्हणून.”