टेपची शेपटी

“करंट येतोय,” स्टुलावर उभी असलेली वायरमनीण म्हणाली. “पण परत जात नाहीये.”

“म्हणजे न्यूट्रल तुटलाय,” खालून उस्ताद लगेच बोलले. “पॅसेजमधला जॉइंटचा डबा बघ. दाराच्या वर आहे.”

ती अगदी हेच सांगणार होती. मुलीला हाताखाली घ्यायचं म्हटल्यावर बाकी सगळ्यांनी नाकं मुरडली होती, तेव्हा उस्तादांनी तिला हे काम शिकवलं. वायरमनीण हे नावही त्यांचंच. आज त्यांच्याच घरातल्या आतल्या दोन खोल्यांचे दिवे कालपासून बंद होते. उस्ताद स्वतः स्टुलावर चढायला निघाले, तेव्हा मुलाने त्यांना दंड धरून खाली बसवलं आणि तिला फोन केला.

मुलगा दाराला टेकून उभा होता. “बाबा, खरं सांगा. तो डबा तुम्ही उघडला होता का?”

“मी कशाला उघडू?” उस्तादांनी कानावर हात ठेवले.

“ताई, मागच्या आठवड्यात यांनी इस्त्री चालू ठेवली. टेबल जळालं, थोडक्यात वाचलो. मी यांना बजावून ठेवलंय, आता आणखी एक घोटाळा झाला की हत्यारांची पेटी थेट भंगारात. मग रुसायचं नाही.”

उस्तादांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे टेस्टर होता. शर्ट जुना असो की कालचा कोरा, त्यांच्या खिशाचा एक कोपरा टेस्टरने फाटलेलाच असायचा.

तिने मेन स्विच बंद केला, स्टूल पॅसेजमध्ये नेलं आणि डब्याचं झाकण काढलं. मग डोळे डब्याच्या अगदी जवळ नेले.

वायरींवरची टेप नवी कोरी होती, चकचकीत. आणि तिचं टोक आत दुमडून बारीकशी शेपटी काढलेली होती.

ही शेपटी फक्त उस्ताद काढत. मागून येणाऱ्याला टोक सापडलं पाहिजे, नखाने उकरत बसून त्याने आपल्या नावाने खडे फोडता कामा नयेत, असं त्यांचं म्हणणं. या शेपटीपायी त्यांनी तिच्याकडून सतरा वेळा टेप सोडवून घेतली होती. या धंद्यात एवढी उस्तवार दुसरं कोणी करत नाही. त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

काम दृष्ट लागण्यासारखं होतं. वेढे एकसारखे, कुठे चुणी नाही. दोन खोल्यांकडे जाणाऱ्या दोन काळ्या, न्यूट्रलच्या वायर पीळ देऊन एकत्र बांधल्या होत्या. आणि मेनकडून येणारी तिसरी काळी वायर, जी त्यांच्यातच जोडायची, ती वेगळी, एकटीच, तितक्याच मायेने गुंडाळून ठेवली होती.

उस्ताद खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं. तिला भडभडून आलं. स्टुलावर असल्यामुळे खालच्या दोघांना तिचं तोंड दिसत नव्हतं, तेवढं एक बरं होतं.

“काय झालंय?” मुलाने विचारलं.

“जॉइंट सुटलाय. जुनं काम आहे, कधीतरी सुटणारच होतं.”

“बाबांनी हात लावलेला नाही ना?”

“छे,” ती डब्यातच तोंड ठेवून म्हणाली.

तिने दोन्ही टेप सोलून काढल्या, गोळा करून खिशात कोंबल्या. तिन्ही वायर जोडल्या, नवी टेप लावली, झाकण बसवलं. मेन चालू केल्याबरोबर आतल्या खोल्या उजळल्या. मुलाचा चेहरा सैल पडला. सगळे दिवे लागतात का ते बघायला तो आत गेला.

“बघितलंस?” उस्तादांची कळी खुलली होती. “या घरात उठसूट माझ्यावर आळ! माशी शिंकली तरी बाबांनीच काहीतरी केलं असणार.” मग त्यांनी हात पुढे केला. “जुनी टेप दाखव.”

“टाकली मी.”

“कुठे टाकलीस? ज्याच्या घरी काम करायचं त्याच्या घरात कचरा टाकायचा नाही, हे कुणी शिकवलं तुला? खिशात असेल. आण इकडे.”

आता नाही म्हणायची सोय नव्हती. तिने गोळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

उस्तादांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग नुसता अंगठा फिरवला. नखाला शेपटी पहिल्याच फटक्यात सापडली. ते तिथेच थांबले. तोंडावरचं हसू हळूहळू मावळलं.

“नवीच आहे ही,” ते म्हणाले.

“उस्ताद, कुणाच्याही हातून...”

“काय राहिलं होतं?”

“एक वायर. मेनकडची.”

“आणि टेप?”

“टेप एक नंबर होती.”

त्यांनी मान हलवली. खिशातला टेस्टर काढला, शर्टाला पुसला आणि तिच्या पिशवीत ठेवला. “पेटीही घेऊन जा. तुझ्याकडे राहू दे. भंगारात नको.”

ती काही बोलणार, एवढ्यात आतून मुलाची हाक आली. “बाबा, सगळे लागले! तुमचा काही संबंध नव्हता. उगाच बोललो मी तुम्हाला.”

“अरे, बाहेर ये जरा,” उस्ताद म्हणाले. टेपचा गोळा त्यांच्या मुठीत होता. “तो डबा मीच उघडला होता म्हणे.”