इकडचा राजीनामा

"बिना अपॉइंटमेंट कोणालाही आत सोडायचं नाही, आणि अडवताना हसायचं," असं जयपूरच्या त्या ऑफिसात सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून रिसेप्शनिस्ट उत्कर्षानं सरांच्या मेहुण्यालाही हसूनच अडवलं. त्यानं काउंटरवरचा फोन उचलून तिच्या तोंडावर हाणला. ती कोसळली, तरी केस धरून हाणतच राहिला. तिचे पुढचे दात फरशीवर पडले.

पोलिसांत केस झाली तसे सर घेवर मिठाईचा डबा घेऊन तिच्या खोलीवर आले. "बेटा, राजीनामा कर लो. घर की बात है."

"मार मी खाल्ला आणि राजीनामाही मीच द्यायचा?" सुजलेल्या ओठांवरचा बर्फ बाजूला करत ती मराठीतच ओरडली.

बरोबर राहणाऱ्या मितालीनं तिला समजावलं, "अगं, इकडे राजीनामा म्हणजे आपसात मिटवणं. नोकरी नाही सोडायची, केस सोडायची."

उत्कर्षानं कागद मागितला. सरांनी खूश होऊन खिशातलं पेन काढून दिलं.



तिनं आपल्याकडचा राजीनामा लिहिला आणि त्या बोळक्या तोंडानं हसून सरांच्या हातात ठेवला.