उलटं पाऊल

गुडघ्याजवळच्या हाडात कॅन्सर झालाय शिवकन्याला, आणि बोलतायत मात्र बाकीचेच! मामा, आत्या, आई, तिघं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नुसती वाकलेली.

"पाय वाचेल," डॉक्टर म्हणाल्या. "एक तर आत धातूचा गुडघा बसवू. दिसायला नीट, चालता येईल, पण पळणं बंद."

"चालतंय की!" मामा म्हणाला. "पोरीच्या जातीला पळून कुठं जायचंय?"

जिल्ह्याच्या खो-खो संघातल्या शिवकन्याच्या डोक्यात सणकच गेली. "दुसरं काय करता येईल?" हे तिनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठं डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं.

"गुडघ्याचा भाग काढून खालचा पाय उलटा फिरवायचा आणि मांडीला जोडायचा. मग घोटाच गुडघ्याचं काम करतो. त्याला कृत्रिम पाय लावला, की पळताही येतं."

"उलटा पाय?" आत्या किंचाळलीच. "अगं बाई, उलटे पाय हडळीचे असतात! हिच्याशी लग्न कोण करील?"

आईनं पदर तोंडाला लावला. शिवकन्या कुबडी सावरत उठलीच.

"हडळ तर हडळ! आजवर एक तरी हडळ कुणाच्या हाताला लागलीय का, आत्या?"